बाकी शून्य

माझा आठवडा गुरुवारी सुरू होतो.
बुधवारी रात्री एकेकाच्या खात्यातून
एकशे एकोणपन्नास रुपये कापले जातात
आणि सकाळी दात घासता घासता मला कळतं
मी अजून धंद्यात आहे की नाही.

मागच्या गुरुवारी एकेचाळीस होते.
ह्या गुरुवारी अडतीस.

इस्त्रीवाल्यांचा हिशोब ठेवतं माझं सॉफ्टवेअर.
कुणाचे किती कपडे आले, किती गेले,
कुठल्या शर्टाचं बटण आधीपासूनच नव्हतं.
नाव मी हौसेनं ठेवलं, घडी.
बडोद्यात निम्मे लोक विचारतात,
बेन, आमां घडियाळ क्यां छे?

तिघं गेले.
मांजलपूरच्या विपुलकडे जावई राहायला आलाय, तो वहीत लिहितो.
जावयाला महिन्याचे एकशे एकोणपन्नास पडत नाहीत.
फतेगंजच्या बाई काही न बोलता गेल्या.
तिसऱ्यानं बँक बदलली;
दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्यानं
मला सेव-उसळ खायला बोलावलं
आणि नवा खातेक्रमांक काही दिला नाही.

मी हिरवं बटण निळं केलं.
माणूस गेला की मी बटणाला हात घालते.

शनिवारी सकाळी सहाला राओपुऱ्यातून फोन:
बेन, साडेतीन साड्या दाखवतंय,
अर्धी कोण नेसतं?
बटण निळं करताना कुठंतरी काहीतरी हललं होतं.
खाली दांडिया बाजारात दुधाचे क्रेट आदळले,
शाळेच्या रिक्षा येऊन गेल्या,
आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्हींवर साय धरली,
तेव्हा सापडलं.
एक टिंब. भलत्या जागी.

रविवारी सुरतेहून एकाचा निरोप, बारा दुकानं आहेत, बोलू या.
तो अख्खा रविवार मी श्रीमंत होते.
अलकापुरीत एक खोली घेतली, खिडकीसकट,
हाताखाली एक मुलगा ठेवला, त्याला टिंबं शोधायला लावली,
आत्याला सांगितलं की नोकरी पुन्हा धरणार नाही,
हे मात्र खरोखर सांगितलं, फोन करून.
सोमवारी सुरत म्हणाली,
पहिलं वर्ष फुकट द्याल ना?

मंगळवारी काही झालं नाही.
असे मंगळवार जास्त असतात.

बुधवारी दुपारी यादी चाळताना दिसले ठाकोरभाई.
चार महिन्यांत एक कपडा नाही,
पैसे मात्र वेळेवर.
एकशे एकोणपन्नास गुणिले चार.
गप्प बसावं, असं मला पूर्ण पाच मिनिटं वाटत होतं.

मग फोन लावला.
"दुकान तर होळीलाच बंद केलं, बेन. गुडघे."
मग पैसे कशाचे भरता?
"तुमचा रविवारचा मेसेज येतो ना.
ठाकोरभाई, ह्या आठवड्यात कपडे शून्य, बाकी शून्य.
चाळीस वर्षं बाकी होती.
कधी लोकांची माझ्याकडे, कधी माझी लोकांकडे.
आता दर रविवारी लेखी मिळतं.
वाचतो आणि झोपतो."

तो मेसेज मी दहा मिनिटांत लिहिला होता, जेवण गार होत असताना.
शून्य असेल तर पाठवू नये,
हे माझ्या चुकांच्या यादीत सतरावं काम आहे,
दिवाळीपासून राहिलेलं.

म्हटलं, मेसेज येत राहील, पैसे राहू द्या.
ते दुखावले.
"मग बाकी शून्य कशी?"

सतरावं काम खोडलं.
बटण पुन्हा हिरवं केलं, ह्या वेळी जपून.
अकरा वाजले, खाली कुणी शटर ओढलं,
आणि खात्यांमधून पैसे निघायला लागले.

सकाळी बघितलं. अडतीसच.
म्हणजे सदतीस
आणि ठाकोरभाई.